झोळी सांभाळा, चालणं सोडू नका

 

आज आपण व्यायामाबद्दल बोलणार आहोत. २१ जूनला शाळेच्या पटांगणात योगदिन होतो. श्रावणात मंगळागौरीचे खेळ होतात. गटातल्या कुणाची साखर वाढलेली निघते आणि डॉक्टर सांगतात, रोज चाला. अशा प्रत्येक वेळी काही जणी मागे सरकतात. कुणी म्हणते, "माझे गुडघे दुखतात." कुणी म्हणते, "मला नाही बाई जमत उड्या." खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं. उडी मारली की लघवीचे थेंब जातात. भरभर चाललं की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. शिंक आली की मांडीला मांडी आवळून उभं राहावं लागतं. हे चारचौघींत सांगायचं कसं? म्हणून गुडघ्याचं नाव पुढे केलं जातं.

आपल्याकडे याला नावं आहेत. अंग बाहेर येणं, मायांग येणं, पिशवी सरकणं, लघवी न धरवणं. नावं आहेत म्हणजे त्रास जुना आहे. बोलणं मात्र नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना जननांगांचा कोणता ना कोणता आजार निघाला. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. सोसत होत्या सगळ्या, आणि दाखवत होत्या थोड्या. आजही अंगाच्या त्रासाबद्दल बोलायची वेळ आली की आवाज खाली जातो.

आमचं आजचं सांगणं एका वाक्यात सांगतो. असा त्रास असला तरी व्यायाम सोडायचा नाही, व्यायामाची रीत बदलायची. आणि डोक्यावरचा हंडा, पाठीवरची मोळी, कडेवरचं लेकरू, हेही त्या रीतीत धरायचं.

खाली आहे तरी काय?

आपल्या कंबरेचं हाड एखाद्या बुडाशी उघड्या घमेल्यासारखं असतं. या घमेल्याला खालून स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. पुढे जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत. बाळाची साडीची झोळी आठवा, तशीच. या झोळीत पुढे लघवीची पिशवी असते, मधे गर्भपिशवी आणि मागे शौचाची आतडी. लघवीची वाट, मायांगाची वाट आणि शौचाची वाट, तिन्ही या झोळीतूनच जातात.

आपण खोकतो, हसतो, वजन उचलतो, तेव्हा पोटातून खाली दाब येतो. झोळी घट्ट असेल तर त्याच क्षणी ती आपोआप आवळते. वाटा बंद राहतात, पिशव्या जागेवर राहतात. झोळी सैल झाली असेल तर दोनपैकी एक होतं, कधी दोन्ही. पुढची वाट नीट बंद होत नाही आणि लघवी जाते. किंवा वरचं काहीतरी खाली सरकतं, आणि मग जडपणा, ओढल्यासारखं वाटणं, मायांगात गोळा आल्यासारखं वाटणं सुरू होतं. सकाळी बरं वाटतं आणि संध्याकाळी जास्त जाणवतं, कारण दिवसभर उभ्यानं झोळीवर भार पडलेला असतो. आडवं झालं की हलकं वाटतं.

झोळी सैल का होते? पहिलं कारण बाळंतपण. कळा फार वेळ चालल्या, बाळ मोठं होतं, चिमटा लावावा लागला, किंवा बाळंतपणं पाठोपाठ झाली, तर झोळी ताणली जाते. मग ती भरून यायच्या आत डोक्यावर पाटी येते. दुसरं, वर्षानुवर्षं उचललेलं जड वजन. तिसरं, जुना खोकला, मग तो चुलीच्या धुराचा असो, मिश्रीचा असो की दम्याचा. चौथं, शौचाला कुंथणं. पाचवं, वाढलेलं वजन. आणि पाळी गेल्यावर तिथलं मांस तसंही पातळ होतं. यात बाईचा दोष कुठेच नाही, आणि लाजण्यासारखंही काही नाही.

दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि तो खरा आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहाला पाठ टेकणाऱ्या बाईला व्यायाम कर म्हणणं म्हणजे थट्टा वाटते.

पण जरा बघा. कामात आपण काय करतो? दात आवळतो, श्वास रोखतो आणि उचलतो. श्वास रोखला की पोटातला सगळा दाब खाली झोळीवर जातो. म्हणजे काम जितकं जड, तितका झोळीला मार. तिला बळ मिळेल असं काम दिवसभरात एकही होत नाही. हाताला, पाठीला बळ येतं, झोळी मात्र थकत जाते.

आणि त्रास आहे म्हणून चालणं-फिरणं बंद केलं तर? वजन वाढतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, मांड्या-गुडघे कमजोर होतात. वाढलेलं वजन पुन्हा झोळीवरच बसतं. भीतीनं बसून राहिलं की त्रास कमी होत नाही. तो वाढायला जागा मिळते.

आधी झोळी ओळखा

झोळीच्या स्नायूंचा व्यायाम आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली बाळंत झालेल्या बायकांसाठी लिहून मांडला. म्हणून दवाखान्यात त्याला केगल व्यायाम म्हणतात. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, जागाही लागत नाही. पण तो बरोबर जमला पाहिजे.

सतरंजीवर पाठीवर झोपा. गुडघे वाकवा, पावलं जमिनीला टेकवा. आता असं समजा, चारचौघांत बसलो आहोत आणि वारा सरतोय, तो अडवायचा आहे. मागची वाट हलकेच आवळा. तसंच पुढची, लघवीची वाटही आवळा. आणि दोन्ही मिळून आत आणि वर ओढल्यासारखं करा. एवढंच. बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

बरोबर जमलं का, ते असं बघा. ढुंगण आवळलं जात असेल, मांड्या जवळ येत असतील किंवा श्वास रोखला जात असेल, तर चुकतंय. पोटावर हात ठेवा. पोट फुगत असेल किंवा आपण शौचाला बसल्यासारखं खाली कुंथत असू, तर तेही चूक, आणि त्यानं नुकसान होतं. दुसरी खूण अशी. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून पाटावर ठेवा आणि तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसा. आवळल्यावर अंग गुंडाळीवरून किंचित वर उचलल्यासारखं वाटलं पाहिजे. खाली दाबल्यासारखं वाटता कामा नये.

काही जणी लघवी करताना मधेच धार अडवून हा व्यायाम करतात. ओळख पटावी म्हणून एखाद्या वेळी करून बघितलं तर चालेल. रोजची सवय करू नका, त्यानं लघवी पूर्ण न होण्याचा त्रास लागू शकतो.

आता किती करायचं ते सांगतो. आवळा, मनात ३ ते ५ आकडे मोजा, पूर्ण सैल सोडा, आणि तेवढंच थांबा. असं ८ वेळा. मग पटकन आवळा-सोडा, आवळा-सोडा, असं १० वेळा. हे दिवसातून तीनदा. हळूहळू मोजणी १० आकड्यांपर्यंत न्या. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. मूठ कायम आवळून ठेवली तर हात दुखतो, तसंच इथंही. सुरुवातीला झोपून करा, मग बसून, मग उभ्यानं. उभ्यानं सगळ्यात अवघड जातं.

वेळ कुठून आणायचा? चुलीवर दूध ठेवून उभ्या असता तेव्हा. एसटीची वाट बघताना. देवापुढे हात जोडून झाल्यावर. रोजच्या एखाद्या कामाला हा व्यायाम बांधून टाका, म्हणजे विसर पडत नाही.

फरक आठ दिवसांत दिसणार नाही. लघवी जाण्याचा त्रास असेल तर किमान ३ महिने आणि अंग खाली सरकलं असेल तर ४ महिने न चुकता केल्यावर बोलायचं. महिनाभर करून "काही उपयोग नाही" म्हणत सोडणाऱ्या फार असतात. पेरलेलं उगवायला जो वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

तीन नियम

आता चालणं, योग, खेळ आणि घरकाम. सगळ्याला तीन नियम लावायचे.

पहिला नियम, जोर लावताना श्वास सोडायचा. उचलताना, ढकलताना, उठताना तोंडानं हळू फुंकर मारल्यासारखा श्वास बाहेर सोडा. हे काही नवीन नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणायची. गाणाऱ्या बाईला श्वास रोखून धरता येत नाही. दळणाचा जोर आणि श्वास असे आपोआप जुळत होते.

दुसरा नियम, आधी आवळा, मग उचला. खोकला येतोय असं वाटलं, शिंक येतेय असं वाटलं, बादली उचलायची आहे, तर त्याच्या क्षणभर आधी झोळी आवळून वर घ्या. काम झालं की सोडा. ही युक्ती जमली की बऱ्याच जणींचे थेंब जाणं लवकर कमी होतं. ती सवयीची व्हायला थोडे दिवस जातात, म्हणून प्रत्येक खोकल्याला आठवण ठेवा.

तिसरा नियम, अंगाला विचारा. व्यायाम करताना किंवा त्याच संध्याकाळी लघवी गेली, जडपणा वाढला, गोळा खाली आल्यासारखा वाटला, तर तो व्यायाम आज आपल्याला जास्त झाला. तो कमी करा, हळू करा किंवा बदला. काहीच वाढलं नाही तर पुढच्या आठवड्यात थोडं वाढवा. शेजारणीला जे झेपतं ते आपल्याला झेपेलच असं नाही, आणि उलटही खरं आहे.

काय करावं, काय सध्या बाजूला ठेवावं

चालणं सगळ्यात चांगलं. सकाळी चाला, कारण तेव्हा झोळी ताजी असते. अर्धा तास एकदम नको. १० मिनिटं सकाळी, १० दुपारी, १० संध्याकाळी, असंही चालतं. सपाट रस्ता निवडा, पायात नीट चप्पल किंवा बूट घाला. सायकल येत असेल तर तीही चांगली.

कंबर उचलण्याचं आसन करा, ज्याला सेतुबंधासन म्हणतात. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, श्वास सोडत झोळी वर घ्यायची आणि कंबर हळूच उचलायची. वर एक-दोन श्वास थांबून सावकाश खाली यायचं. असं ८ वेळा. हात-गुडघ्यांवर मांजरासारखं उभं राहून पाठ वर-खाली करणं, म्हणजे मार्जारासन, तेही चांगलं. भिंतीला हात टेकवून दंड काढल्यासारखं पुढे-मागे व्हायचं. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून, हाताचा आधार न घेता, श्वास सोडत उठायचं आणि सावकाश बसायचं. यानं मांड्यांना बळ येतं, आणि मांड्यांत बळ असलं की कामाचा भार पोटावर कमी येतो.

सध्या बाजूला काय ठेवायचं? दोरीवरच्या उड्या, पळणं, फुगडी आणि मंगळागौरीचे उड्यांचे खेळ. पाठीवर झोपून दोन्ही पाय एकदम उचलणं. झोपल्या जागेवरून हात न टेकता एकदम उठून बसणं. नौकासन. जोरजोरात झटके देऊन केलेली कपालभाती. श्वास रोखून केलेला कोणताही जोराचा प्रकार. या सगळ्यांत पोटातून खाली मोठा दाब येतो. सूर्यनमस्कार घालायचे असतील तर सावकाश घाला, पाय उडी मारून नको, एकेक मागे घ्या.

"सध्या" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. ३-४ महिन्यांनी झोळीत बळ आलं की यातलं पुष्कळ परत करता येतं. आधी एक फुगडी, संध्याकाळी अंग काय म्हणतं ते बघायचं, मग दुसरी. मंगळागौरीला बसून टाळ्या वाजवण्याची शिक्षा कुणालाही जन्मभराची नाही.

हंडा, मोळी, लेकरू

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हंड्यात १५ लिटर पाणी असेल तर १५ किलो झाले, हंड्याचं वजन वेगळं. अशा दिवसाला सहा खेपा झाल्या तर ९० किलो पाणी आपण उचललं. जिमखान्यात हे वजन उचलणाऱ्या माणसाला शिकवणारा असतो. आपल्याला कुणीच शिकवत नाही.

म्हणून हे करून बघा. हंडा पाऊण भरा, एक खेप वाढली तरी चालेल. जमिनीवरून डोक्यावर एकटीनं उचलू नका, दुसरीची मदत घ्या. सगळ्यात जास्त दाब त्याच क्षणी येतो. विहिरीच्या किंवा टाकीच्या कट्ट्यावर हंडा ठेवून मग डोक्यावर घ्या. कंबरेत वाकून उचलू नका. गुडघे वाकवा, वजन छातीशी धरा, झोळी आवळा, श्वास सोडत उठा. हापसा मारताना दांडा खाली दाबायच्या वेळी श्वास सोडा. ओल्या कपड्यांची बादली अर्धी भरा. गॅसची टाकी उचलू नका, तिरकी करून फिरवत न्या.

लेकरू उचलायचं असेल तर आपण खाली बसा, त्याला मांडीवर येऊ द्या, मग ओट्याचा आधार घेऊन उठा. खुरपताना तासन्‌तास उकिडवं बसू नका. कधी एक गुडघा टेकवा, कधी पाट घ्या, तासाभरानं उभ्या राहून चार पावलं चाला. दुपारी १५ मिनिटं आडवं व्हा, कंबरेखाली उशी घ्या. हा आळस नव्हे, हा झोळीचा उपचार आहे.

आम्हाला ठाऊक आहे, यातलं सगळं बाईच्या एकटीच्या हातात नाही. मुकादम थांबू देत नाही, घरात पाणी भरायला दुसरं कुणी उठत नाही. म्हणून हे घरात बोलायला हवं. सासूबाईंना सांगा, कदाचित त्यांनीही हेच सोसलं असेल. नवऱ्याला सांगा, जड हंडा आणि गॅसची टाकी त्याचं काम. मुलालाही पाणी भरायला लावा. पाणी भरणं हे बाईचंच काम, असं कुठल्या पंचांगात लिहिलेलं नाही.

बाळंतिणीबद्दल खास सांगायचं आहे. सव्वा महिन्याची जुनी रीत या बाबतीत शहाणपणाची आहे. साधं बाळंतपण झालं असेल तर दुखत नसताना हलकं आवळणं-सोडणं आणि घरात चालणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. पण ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, आणि ३ महिने पळणं-उड्या नकोत. शस्त्रक्रियेनं बाळंतपण झालं असेल, टाके जास्त असतील किंवा लघवीची नळी असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

व्यायामाला साथ देणाऱ्या गोष्टी

लघवी जाते म्हणून पाणी कमी पिऊ नका. बाहेर संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आम्ही पुष्कळ बघतो. त्यानं लघवी दाट होते, पिशवी चिडते आणि घाई उलट वाढते. शौचही घट्ट होतं, मग कुंथावं लागतं, आणि कुंथणं झोळीचं वैर आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, शेंगभाजी, भरपूर पाणी, हे झोळीचं औषध समजा. चहा जास्त होत असेल तर कमी करा. खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्या. मिश्री सोडा.

आधी दवाखाना, मग व्यायाम

काही खुणा दिसल्या तर घरी व्यायाम करत बसायचं नाही, आधी दाखवायचं. गोळा बाहेर आला आणि आत जात नाही. त्यावर जखम झाली आहे. लघवी अडली आहे. लघवीतून रक्त जातं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं. वास येणारं पाणी जातं आणि ताप आहे. बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी सतत ठिबकते, न खोकता, न हसता. पाय किंवा बसायची जागा बधिर झाली, शौचावर ताबा राहिला नाही. यातल्या काहींना त्याच दिवशी उपचार लागतात.

दुसरी एक गोष्ट. काही जणींची झोळी सैल नसते, उलट ताठरलेली असते. लघवी करताना धार सुटत नाही, संबंधाच्या वेळी फार दुखतं, ओटीपोट सतत दुखतं. त्यांनी आवळण्याचा व्यायाम करू नये, त्यानं दुखणं वाढेल. त्यांना सैल सोडायला शिकावं लागतं. जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांची मदत घ्यावी.

अंग किती खाली आलं आहे हे तपासूनच कळतं. थोडं खाली असेल तर व्यायामानं त्रास पुष्कळ कमी होतो. पूर्ण बाहेर आलेलं अंग नुसत्या व्यायामानं वर जात नाही. तेव्हा रिंग बसवता येते. ती मायांगात बसून वरच्या पिशवीला आधार देते आणि अधूनमधून काढून धुवावी लागते. किंवा शस्त्रक्रियेनं आधार शिवता येतो. कोणताही उपाय केला तरी झोळीला बळ हवंच.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. "पिशवी काढून टाका, कटकट संपेल" असा सल्ला सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते २०१९ साली साऱ्या राज्यानं ऐकलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी तिशी-चाळिशीतल्या होत्या. पिशवी काढणं काही वेळा खरंच गरजेचं असतं. पण पिशवी काढल्यानं झोळी घट्ट होत नाही. पिशवी गेल्यावरही मायांगाचा वरचा भाग खाली येऊ शकतो, लघवी जाणं राहू शकतं. म्हणून कुणी काढायला सांगितलं तर तीन प्रश्न विचारा. मला नेमकं काय झालं आहे? दुसरा उपाय कोणता आहे? आणि आज केलं नाही तर काय होईल? मग दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयातलं.

गटानं काय करायचं

एकटीनं व्यायाम टिकत नाही, हे आपण जाणतो. पैसे साठवायला गट लागतो, तसा यालाही लागतो. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की १० मिनिटं सतरंजी अंथरा. आशाताईंना बोलवा. ज्यांना सांगायचं आहे त्या सांगतील, ज्यांना नाही त्यांनी नुसतं करावं. कुणाला काय त्रास आहे हे गटाबाहेर जाणार नाही, एवढी शपथ मात्र सगळ्यांनी घ्यावी.

पहिले दोन आठवडे फक्त झोपून आवळणं-सोडणं आणि १० मिनिटं चालणं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बसून आणि उभ्यानं आवळणं, कंबर उचलणं, भिंतीचे दंड, २० मिनिटं चालणं. सातव्यापासून बाराव्यापर्यंत खुर्चीवरून उठणं-बसणं, अर्धा तास चालणं, आणि प्रत्येक वजनाला आवळून श्वास सोडायची सवय. ज्या दिवशी तिन्ही वेळा व्यायाम झाला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका लावा. बारा आठवड्यांनी दोनच गोष्टी बघा. आठवड्यातून किती वेळा लघवी जाते, आणि संध्याकाळचा जडपणा किती आहे. काहीच कमी नसेल तर एकटीनं जाऊ नका. दोघी-तिघी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि तिथून ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. डॉक्टरांना गुडघ्याचं नाव सांगू नका. "खोकलं की लघवी जाते," "अंग बाहेर येतं," असं आपल्याच शब्दांत सांगा. डॉक्टरांना ते कळतं.

तर मैत्रिणींनो, आता कार्यक्रम संपता संपता सगळ्यांनी मिळून एकदा करू. पाठ सरळ, खांदे सैल. श्वास घ्या. श्वास सोडत झोळी आत आणि वर. एक, दोन, तीन. सोडा, पूर्ण सोडा. छान. अजून सात राहिले, ते तुम्ही भाकऱ्या होईपर्यंत करा. नमस्कार.